बारीक टायपातला चीन

मॅडम दुकानात आल्या की काउंटरवरची हाताला लागेल ती लग्नपत्रिका उचलायच्या आणि मधला मजकूर तळहाताखाली झाकायच्या. नवरा झाकला, नवरी झाकली, मुहूर्त झाकला, कार्यालयाचा पत्ता झाकला. उरली तळाची बारीक टायपातली नावं. मग चष्मा कपाळावर चढवून पत्रिका नाकाशी न्यायची आणि मान वर न करता म्हणायचं, "रांग बघा सावकार, रांग. मजकूर काय, कुणीही लिहून देतं."

सावकार म्हणजे मी. उगीच गैरसमज नको, आमच्या हुबळीत टाचण्या विकणाऱ्यालाही सावकार म्हणतात. कोप्पीकर रोडला माझं पत्रिकांचं दुकान आहे. पुढं नमुने, मागं छपाई. आजोबा मिरजेकडून इथं आले, वडिलांनी प्रेस घातला, आणि तेव्हापासून आम्ही लोकांची लग्नं, मुंजी आणि वास्तुशांती छापत आलोय. गिऱ्हाईक मराठी असो की कन्नड, पत्रिका बहुतेक दोन्ही भाषांत निघते, म्हणजे चुकाही दोन्ही भाषांत.

मॅडम धारवाडच्या. राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. विषय म्हणाल तर चीनचा राजकीय विचार, आणि आशियातल्या देशांचं एकमेकांशी कसं काय चालतं ते. आता माळमड्डीतल्या दोन खोल्यांत बसून कुणी चीनचा अभ्यास करावा का? पण त्यांनी केला, चांगला चाळीस वर्षं केला. तिकडं राहून आल्या, भाषा शिकल्या, इंग्रजीत जाडजूड पुस्तकं लिहिली. वडील कन्नड, आई कोल्हापूरकडची. त्यामुळं माझ्याशी मराठीत बोलायच्या आणि रागावायच्या तेवढं कन्नडमध्ये. "इर्ली बिड्री," हा त्यांचा पालुपदाचा शब्द. म्हणजे असू द्या, सोडा. आणि हे एकदा म्हणाल्या की ती गोष्ट त्या मरेपर्यंत सोडणार नाहीत असं समजायचं.

एवढ्या विद्वत्तेचा धारवाडला उपयोग काय झाला विचाराल, तर शेजारीपाजारी विचारायचे, "मॅडम, चायनाचा मोबाईल टिकतो का हो?" एका लग्नात तर आचारी त्यांना हाताला धरून मागं घेऊन गेला आणि गोबी मंचुरियन पुढं केलं. "तुम्हीच सांगा, बरोबर जमलंय का." मॅडमनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगदी तिकडच्यासारखं!" मी नंतर खोदून विचारलं. "तिकडं हा पदार्थ मला कुठं दिसलाच नाही हो," म्हणाल्या, "पण त्या माणसाचं तोंड बघितलंत का केवढं फुललं ते?" आणि आणखी एक बशी मागवली.

सरहद्दीवर काही गडबड झाली तेव्हा टीव्हीवाला एक पोरगा माईक घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. "मॅडम, चीन आता पुढं काय करणार?" मॅडम म्हणाल्या, "बाळ, समोरच्या घरातली बाई दुपारी काय करणार, तेसुद्धा मला सांगता येत नाही." तो जो गेला तो परत फिरकला नाही.

माझी त्यांची ओळख एका परिषदेच्या पत्रिकेवरून झाली. चार देशांचे पाहुणे येणार होते. मी आपली पाहुण्यांची नावं लांबीप्रमाणं लावली. लांब नाव वर, आखूड खाली, कसा सुबक निमुळता आकार येतो. मॅडमनी कागद बघितला आणि "अय्यय्यो" करत खुर्चीत बसल्या. "सावकार, व्हिएतनामला तुम्ही चीनच्या बुडाशी घातलंत! उद्या दोघांनी एका टेबलावर जेवायचं आहे!" मग नावं गोलात छापू म्हणाल्या, कुणी वर नको, कुणी खाली नको. पण गोलालाही माथा असतोच की. माथ्यावर कुणाला घालायचं यावर त्यांचे तीन दिवस फोन. शेवटी वैतागून मी माथ्यावर कमळाचं फूल छापलं. "हे छान. फुलाला देश नसतो," म्हणाल्या.

ते काम संपलं आणि जाता जाता त्यांची नजर माझ्या नमुन्यांच्या भिंतीवर गेली. शे-दीडशे पत्रिका टांगलेल्या. तासभर त्या भिंतीसमोरून हलल्या नाहीत. "सावकार, दिल्लीची माणसं ह्यासाठी चीनची वर्तमानपत्रं मागवतात, आणि तुम्ही दोऱ्याला बांधून ठेवलंय!"

त्यांची अभ्यासाची रीतच तशी होती. चीनच्या वर्तमानपत्रातल्या सरकारी फोटोंची कात्रणं त्यांनी वर्षानुवर्षं वहीत चिकटवलेली. पुढाऱ्यांच्या रांगेत कोण कितवा उभा आहे, मागच्या वर्षी कितवा होता, यादीत कुणाचं नाव घसरलं, कुणाचं वर सरकलं. भाषणं त्या वाचायच्याच नाहीत म्हणा ना. "भाषणात सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ असतात हो. फोटोत कडेला कोण गेला ते बघायचं." नावं आपापल्या जागी नीट लावणं हे राज्यकर्त्याचं पहिलं काम, असा तिकडचा फार जुना विचार आहे म्हणे. मला त्यांनी तो पुन्हा पुन्हा सांगितला. मी म्हटलं, "मग मॅडम, दोन पिढ्या आम्हीच राज्य करतोय की हुबळीवर."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारची बस धरून त्या यायच्या. चहा चालायचा नाही, चिन्यांसारखं नुसतं गरम पाणी. शेजारच्या चहावाल्याला पक्की खात्री होती की बाईंच्या पोटात काहीतरी आहे. पाण्याचा ग्लास फुंकत त्या नवीन पत्रिका चाळायच्या आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या घरातलं मला सांगायच्या. "ही आत्या मुलाच्या मुंजीत तिसरी होती, इथं नववी. आणि तिच्या नवऱ्याचं नावच नाही. काय झालं हो?" मला ठाऊक होतं काय झालं ते. आत्याबाईंनी आपल्या दिराचं स्थळ आणलं होतं आणि ह्यांनी ते नाकारलं होतं. पण मॅडमना कसं कळावं? मी तोंडात बोटच घातलं.

आता त्या नेहमी बरोबरच असायच्या असं समजू नका. एका पत्रिकेत थोरल्या काकूचं नाव नव्हतं. मॅडमनी मला अर्धा तास समजावलं की ह्या घराच्या आता वाटण्या होणार, लिहून ठेवा. दुसऱ्याच दिवशी काकू स्वतः दुकानात आली आणि तिनं मला जे झाडलं ते कोप्पीकर रोडच्या दोन्ही टोकांना ऐकू गेलं. नाव माझ्याच हातून गळलं होतं! मी मॅडमना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला.

"सावकार, असं किती वेळा होतं?"

"होतं की. महिन्यातून एखादं."

"आणि चीनमध्ये?"

"तिथंही माणसंच छापत असणार की मॅडम."

त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग एकदम हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एका मंत्र्याला मी एका लेखात पदावरून घालवलं होतं हो! यादीत नाव नव्हतं म्हणून. दोन महिन्यांनी गृहस्थ फोटोत हजर, गुलाबासारखा टवटवीत. बिचारा तापानं पडला असेल. इर्ली बिड्री!"

ह्याच मॅडमनी एका गुरुवारी भिंतीवरची माझ्याच वास्तुशांतीची पत्रिका काढली. सवयीप्रमाणं मधलं झाकलं. खाली एकच नाव, माझं. "काय हो, घरात दुसरं कुणी नाही?"

मला मिरची झोंबल्यासारखं झालं. मिरचीच म्हणायला हवं, कारण माझा थोरला भाऊ, अण्णा, अमरगोळच्या मार्केट यार्डात ब्याडगी मिरचीचा व्यापार करतो. त्याच्या आठ वर्षं आधी मी देशपांडे नगरात घर बांधलं, वास्तुशांतीची पत्रिका छापली आणि खाली निमंत्रक म्हणून माझं एकट्याचं नाव घातलं. माझं घर, माझं नाव, त्यात काय चुकलं? अण्णाकडं पत्रिका पाठवली, ती दुसऱ्या दिवशी त्याच्या हमालाबरोबर परत आली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. अण्णाही आला नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. आई त्याच्याकडं राहते. तो यार्डात असेल ती वेळ बघून मी तिला भेटून यायचो, स्वतःच्या आईला, चोरासारखा. लोकांच्या पत्रिकेत कुणाचं नाव कुठं घालावं हे सांगणारा मी, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा. मॅडमना सगळं सांगितलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. ते हं मला आवडलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिचं बालपण अण्णाच्या मिरचीच्या पोत्यांवर बसून शिंकण्यात गेलेलं. तिनं एकदाच विचारलं, "मोठे बाबा येणार ना?" मी म्हटलं, बघू. ती पुन्हा विचारायला आली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. अण्णाशिवाय तिचं लग्न लागलं तर आमच्या घरात तो कायमचा संपला, हे मला दिसत होतं. पण ताठा काय जातो? पत्रिका मी स्वतः जुळवली, रागात, धाडधाड, आणि अण्णाचं नाव आप्तेष्टांत सातवं घातलं.

मॅडमनी प्रूफ बघितलं. "सातवा?"

"घातलंय तेच काय थोडं झालं?"

"हे आमंत्रण आहे की शिक्षा? पहिलं घाला त्यांना. थोरल्याला थोरल्याची जागा दिली की निम्मी भांडणं होतच नाहीत. चाळीस वर्षं मी दुसरं काय वाचलंय?"

"त्यानं माझी पत्रिका परत पाठवली होती. आधी त्यानं यावं."

"दोन्ही देश हेच म्हणतात."

"मॅडम," माझा आवाज चढला, "तुमचा चीन तुमच्या पुस्तकात ठेवा. हे माझं घर आहे!"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "इर्ली बिड्री." प्रूफ चार घड्या घालून पिशवीत टाकलं. "हे मी माझ्या संग्रहाला नेते."

अमरगोळ हे हुबळी आणि धारवाडच्या मध्ये. मॅडम त्याला तटस्थ राष्ट्र म्हणायच्या. त्या दिवशी बाई धारवाडच्या बसमधून मध्येच तिथं उतरल्या. पुढचं मला नंतर आईकडून आणि अण्णाकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. मॅडम अण्णाच्या दुकानात शिरल्या आणि आधी सात-आठ वेळा शिंकल्या. मग पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "मी पत्रिका गोळा करते. ही एक मिळाली. मला मराठी नीट वाचता येत नाही, ह्यात काही चुका आहेत का हो?" मराठी नीट वाचता येत नाही! ज्या बाईनं माझ्या भिंतीवरच्या सगळ्या पत्रिका तोंडपाठ केल्या होत्या, ती हे बोलली, आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

अण्णाला प्रूफ दाखवणं म्हणजे मांजरापुढं दूध ठेवणं. वडिलांच्या प्रेसमध्ये शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत तो वाढला. उलटी अक्षरं तो सुलट्यापेक्षा भराभर वाचायचा. पुढं मिरचीत गेला, पण घरातल्या कुठल्याही कार्याचं प्रूफ त्याच्याकडूनच तपासून यायचं. त्यानं कागद हातात घेतला, पहिली ओळ वाचली आणि पेन मागितलं.

पुढच्या गुरुवारी मॅडमनी ते प्रूफ माझ्यापुढं ठेवलं. कागद लालेलाल. मला आधी अक्षर दिसलं, चुका नंतर. नऊ वर्षांत ते अक्षर मी बघितलं नव्हतं. वधूच्या आजोळचं आडनाव, मुहूर्ताची मिनिटं, कन्नड बाजूचा एक अख्खा गळलेला शब्द, काय काय दुरुस्त केलं होतं. सातव्या जागेवरचं स्वतःचं नाव खोडलं होतं आणि बाण काढून दुसऱ्या जागी नेलं होतं, माझ्या नावाखाली. आणि तळाला, प्रूफवाले लिहितात तसं, 'दुसरं प्रूफ दाखवणे.'

मॅडम भयंकर गोंधळल्या होत्या. "दुसरे का गेले हो? थोरले आहेत, पहिली जागा घेता आली असती. ही माघार आहे की खेळी? माझ्या वह्यांत ह्याला जोड नाही, सावकार. सावकार? अहो, रडताय काय?"

रडत होतो की. लाज कसली.

दुरुस्त्या करून दुसरं प्रूफ काढलं आणि त्याच दुपारी स्कूटरवरून अमरगोळ गाठलं. अण्णा गादीवर बसला होता. केस पार पिकलेले. माझ्याकडं न बघताच त्यानं हात पुढं केला, मी कागद दिला, त्यानं पेनाच्या टोकानं एकेक ओळ वाचली. मी समोर उभा.

"कार्यालयाचा फोन नंबर लावून बघितलास?"

"बघितला."

"आईचं नाव वर घे. आपल्या दोघांच्याही वर."

"घेतो." मग मला राहवलं नाही. "अण्णा, घराच्या पत्रिकेत तुझं नाव घातलं नाही, ते माझं..."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "नाव? नावासाठी रुसायला मी काय व्याही आहे तुझा? तुझं घर, तुझं नाव. पण बाबा गेल्यापासून घरातलं एक तरी कार्य मला प्रूफ न दाखवता छापलं होतं का आपण? तू छापून, पाकिटात घालून, वर 'सहकुटुंब यावे' लिहून पाठवलंस. परक्याला पाठवतात तसं."

नऊ वर्षं मी एका जागेसाठी भांडत होतो, आणि ती जागा त्यानं मागितलीच नव्हती.

"वर तीन चुका होत्या त्यात," अण्णा म्हणाला. "बस. खाली बस आधी. जेवलास?"

घरी येऊन मॅडमना फोन केला. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे रांगेचा प्रश्नच नव्हता?"

"नव्हता मॅडम."

"छापायच्या आधी कुणाला दाखवलं, हे मी चाळीस वर्षांत कुणालाच विचारलं नाही हो. ना चीनला, ना जपानला." आणि मग खो खो हसत, "गेलं माझ्या नव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेल लावत!"

अण्णा लग्नाच्या आदल्या दिवशीच आला. आईला घेऊन आला, मुलीनं त्याला मिठी मारली तेव्हा दोघंही शिंकल्यासारखं करून डोळे पुसत होते. त्यानंतर तो कार्यालयाच्या दारावरच्या फलकातली चूक काढत बसला, ते सोडा.

मॅडम तेव्हा त्यांचं शेवटचं पुस्तक लिहीत होत्या, पहिल्यांदाच कन्नडमध्ये, आपल्या माणसांसाठी. त्यांनी प्रुफांचा गठ्ठा नेऊन सरळ अण्णाच्या गादीवर टाकला. अण्णा म्हणाला, "मॅडम, मला चीनमधलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. ज्यांना कळतं ते वाचत नाहीत, नुसत्या माना डोलावतात."

मग काय विचारता! मिरचीचा लिलाव आटोपला की अण्णा पानं काढायचा आणि मॅडमना फोन लावायचा. "हा राजा मागच्या पानावर मेला होता ना? मग इथं दूत कसा पाठवतो?" मॅडमची त्रेधा. कधी भांडायच्या, कधी कन्नडमध्ये रागवायच्या, आणि दोन दिवसांनी मुकाट्यानं नवीन पान लिहून पाठवायच्या. मला म्हणाल्या, "एवढा छळ मला कुणी केला नव्हता हो आयुष्यात." एवढ्या खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

ह्या वर्षी होळीच्या आधी मॅडम गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास नाही. गुरुवारी दुपारी चहावाला अजूनही विचारतो, "गरम पाणी आणू?" मग त्याच्याच ध्यानात येतं. मला बाईंची फार सय येते. पत्रिका जुळवताना, भांडताना, कशानंही येते.

पुस्तकाची उरलेली चार प्रकरणं अण्णाकडंच होती. प्रकाशक घाई करतोय. मॅडमच्या भाचीनंही सांगितलं, काका, आहे तसं द्या. अण्णा म्हणतो, वाचून देतो. दर रविवारी गठ्ठा घेऊन माझ्या दुकानात येऊन बसतो, कारण घरी मिरचीच्या ठसक्यानं कागदावर शिंकायला होतं म्हणे.

परवा मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. अकराव्या प्रकरणातल्या एका वाक्याखाली त्यानं लाल रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'हे पटत नाही. मॅडमना विचारणे.'

मी म्हटलं, "अण्णा, आता कुणाला विचारणार? खोड ते."

त्यानं पेनाला टोपण लावलं आणि पान तसंच पुढं उलटलं.

"त्यांनी मला दाखवलंय रे," म्हणाला. "त्यांना न विचारता कसं खोडू?"